पेरूची जेली दरवेळी पातळ राहते? आधी हे तपासा

परसात पेरूचं झाड असलं की थंडीत एकदा तरी जेलीचा घाट घातला जातो, आणि बऱ्याच घरांत ती दरवर्षी त्याच ठिकाणी फसते. ओळखीपाळखीतल्या अशा बिघडलेल्या बरण्या माझ्याकडे येतात. सोबत कृतीचा कागदही येतो, "बघ ना, यात काय चुकलं?" म्हणून. कागदात सहसा काही चुकलेलं नसतं. कृती सगळ्यांची जवळपास एकच: पेरू शिजवा, पाणी गाळा, साखर घाला, आटवा. घोळ असतो तो कागदावर नसलेल्या गोष्टींत. फळ किती पिकलं होतं, साखर खरोखर किती पडली, पातेलं गॅसवर किती वेळ राहिलं. म्हणून दुसरी कृती शोधण्याआधी खालच्या क्रमाने बघत या. सुरुवात फुकटातल्या गोष्टींपासून आहे, झाडावर चढायची पाळी शेवटी येते.

लक्षणं

बरणी आडवी केली की जेली पाकासारखी वाहते: हा मुख्य बिघाड, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठीच.

वरून जमलेली दिसते, पण चमचा घातला की कडेला पाणी सुटतं. याला जेली रडते म्हणतात. आंबट जास्त झालं, किंवा जमत असताना बरणी हलवली, की असं होतं.

चमच्याला चिकटून तार ओढते, दाताला चिकटते: जास्त आटली.

साखरेचे खडे दिसतात: साखर जास्त पडली, आंबट कमी पडलं, किंवा पातेल्याच्या कडेला चिकटलेली साखर न विरघळता बरणीत गेली.

गढूळ दिसते: गाळताना फडकं पिळलं. चवीला काही होत नाही, फक्त प्रदर्शनात बक्षीस मिळणार नाही.

झाकण उघडताना फस्स आवाज, आंबूस वास, वर बुडबुडे किंवा बुरशी: इथे दुरुस्ती नाही. शेवटचा भाग वाचा.

थांबा

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि तीच कोणी करत नाही. गरम जेली पातळच असते. पूर्ण जमायला २४ तास, कधी ४८ तासही लागतात. दर तासाला बरणी तिरकी करून बघितली तर आत धरत आलेली जाळी मोडते, मग ती नीट धरत नाही. बरण्या ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका. फ्रिजमध्ये घाईने ढकलूही नका. थंडीने पाकसुद्धा घट्ट भासतो आणि खरा अंदाज येत नाही.

दोन दिवसांनीही वाहते आहे? मग पुढे.

वजनाचा काटा काढा

"दोन वाट्या पाण्याला दोन वाट्या साखर" हे प्रमाण ऐकायला सोपं आहे, पण कोणाची वाटी किती भरली, साखर दाबून घेतली की सैल, यात बराच फरक पडतो. म्हणून साखर वाटीने नको, वजनाने घ्या. शिवाय हल्ली तब्येतीच्या नावाखाली साखर हळूच कमी केली जाते. जेलीत साखर फक्त गोडीसाठी नसते. फळातलं पेक्टिन, म्हणजे जेली जमवणारा पदार्थ, पाण्यात मोकळं तरंगत असतं. साखर ते पाणी स्वतःकडे ओढून घेते, तेव्हाच पेक्टिनचे धागे एकमेकांना धरतात. तयार जेलीत साखरेचा वाटा ६५ टक्क्यांच्या आसपास लागतो. त्याच्या बराच खाली राहिलात तर जेली धरतही नाही आणि टिकतही नाही. साखर वर्ज्य असेल तर जेलीच्या वाटेला जाऊ नका, पेरूची कोशिंबीर करा.

वजनाचा आणखी एक उपयोग आहे. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा. जेली होत आली की गॅस बंद करून पातेल्यासकट वजन करा. पातेलं वजा जाता जेलीचं वजन घातलेल्या साखरेच्या साधारण दीडपट भरलं की झालं. ७५० ग्रॅम साखर असेल तर ११०० ते ११५० ग्रॅम. बाराशेच्या बऱ्याच वर असाल तर अजून पाणी आहे. ही युक्ती थर्मामीटरपेक्षा भरवशाची, कारण काटा घरात असतोच.

आंबट पुरेसं आहे का

पेरूची खरी अडचण इथे असते. पेक्टिन भरपूर, पण आंबटपणा बेताचा, आणि आजकालच्या गोड मोठ्या पेरूंत तर आणखी कमी. आंबटपणा नसेल तर पेक्टिनचे धागे एकमेकांना दूर लोटत राहतात, साखर कितीही घाला.

चव घेऊनच कळतं. एक चमचा लिंबाचा रस, नऊ चमचे पाणी आणि अर्धा चमचा साखर असं मिश्रण करा. तुमचं गाळलेलं पेरूचं पाणी निदान इतकं तरी आंबट लागलं पाहिजे. लागत नसेल तर एक लिटर पाण्याला दोन-तीन मध्यम लिंबांचा रस, किंवा सपाट चहाचा चमचाभर लिंबूसत्व. मी थोडं लिंबू पेरू शिजवतानाच घालते, त्याने फोडींतलं पेक्टिन जास्त सुटतं. उरलेलं साखर विरघळून उकळी फुटल्यावर, शेवटाकडे घालते. सगळं आंबट सुरुवातीला घालून तासभर उकळत ठेवलं तर तेच आंबट पेक्टिन तोडतं. आणि खबरदारी म्हणून दुप्पट लिंबू पिळू नका. जेली रडायला लागते ती यामुळेच.

कधी उतरवता

चमच्याने थोडा पाक उचला, जरा निवू द्या, आणि चमचा कडेवर तिरका करा. सुटे थेंब पडत असतील तर वेळ आहे. दोन थेंब कडेवर एकत्र येऊन पातळ पापुद्र्यासारखे खाली सरकले की उतरवा. दुसरी खूण: स्टीलची बशी आधी फ्रीझरमध्ये ठेवा, तिच्यावर चमचाभर पाक घाला, मिनिटभराने बोटाने ढकला. वर सुरकुती पडली तर झालं. ही चाचणी चालू असताना गॅस बंद ठेवायचा. नाहीतर बशी बघेपर्यंत पातेल्यातली जेली पुढे जाते.

थर्मामीटरवाल्यांसाठी एक गोष्ट. पुस्तकात १०५ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. रत्नागिरीत, पणजीत ते बरोबर. पुण्यात पाणीच सुमारे ९८ अंशांना उकळतं आणि महाबळेश्वरला ९५-९६ ला. महाबळेश्वरच्या घरात १०५ ची वाट बघितली तर हाती जेलीऐवजी टॉफी लागेल. म्हणून आधी त्याच थर्मामीटरने नुसतं पाणी उकळून आकडा बघा आणि त्यात साडेचार-पाच अंश मिळवा. तो तुमच्या स्वयंपाकघराचा आकडा. थर्मामीटर चुकीचा दाखवत असेल तर तेही यातच निघून जातं.

भांडं आणि घाणा

एका वेळी किती घेता? चार किलो पेरूंचं पाणी एका उंच डब्यासारख्या पातेल्यात आटवायला बसलात तर तास-दीड तास जातो, आणि इतका वेळ उकळलेलं पेक्टिन उरत नाही. रंगही तांबूस-काळपट होतो. साखर पडल्यापासून १५-२० मिनिटांत जेली उतरली पाहिजे. त्यासाठी एका घाण्याला लिटरभर, फार तर दीड लिटर पाणी, पसरट आणि जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, आणि मोठी आच. "एकदाच काय ते उरकून टाकू" या हौसेने जितक्या जेल्या वाया गेलेल्या मी बघितल्या, तितक्या दुसऱ्या कशाने नाही.

लोखंडी कढई नको, आंबटाने रंग काळा पडतो. ॲल्युमिनियम नको. पितळेचं आजीचं पातेलं काढायचं असेल तर कल्हई ताजी हवी.

स्पिरिटची चाचणी

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर प्रश्न पेक्टिनचा आहे, आणि तो डोळ्यांनी बघता येतो. औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळणारं स्पिरिट आणा. साखर घालण्याआधीचं, पूर्ण गार झालेलं पेरूचं पाणी एक चमचा काचेच्या ग्लासात घ्या, त्यात दोन चमचे स्पिरिट हळूच सोडा, ग्लास फिरवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा.

एकच घट्ट गोळा जमला, जो चमच्याने उचलता येतो: पेक्टिन भरपूर. पाण्याइतकी किंवा जरा कमी साखर चालेल, म्हणजे लिटरला पाऊण ते एक किलो.

दोन-चार सैल गोळे: मध्यम. लिटरला पाऊण किलोच्या वर जाऊ नका.

नुसता बारीक चुरा, किंवा काहीच नाही: कमी. आधी ते पाणी साखरेशिवाय उकळून तिसरा हिस्सा आटवा आणि चाचणी पुन्हा करा. तरी चुराच आला तर लिटरला अर्धा किलो साखर, आणि जेली मऊच होईल हे धरून चला.

हे स्पिरिट विषारी असतं. चाखायचं नाही, ग्लासातलं मोरीत ओतायचं, ग्लास वेगळा घासायचा, आणि चाचणी पेटत्या गॅसपासून लांब करायची. लहान मुलं आसपास असतील तर आधी त्यांना बाहेर पाठवा. ग्लासातलं ते सरबतासारखंच दिसतं.

चाचणी कमी दाखवते त्याचं एक अगदी साधं कारण असतं: शिजवताना पाणी फार घातलं. फोडी जेमतेम बुडतील इतकंच पाणी, आणि अर्ध्या तासात फोडी मऊ. मग जुन्या मलमलीत बांधून नळाला रात्रभर टांगायचं. पिळायचं नाही. खाली उरलेला गर फेकू नका. चाळणीतून काढून, साखर घालून, तूप लावलेल्या थाळीत थापला की गोव्यात नाताळला करतात ती पेराद तयार होते, आणि ती बिघडवायला फार कौशल्य लागतं.

फळ

जेलीला पेरू कुठला घ्यायचा हे विचारलं की लोक "पिकलेला, वासाचा" म्हणतात. वास पिकलेल्यातच असतो, हे खरं. पण कच्च्या फळात पेक्टिन अजून पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात असतं, पिकताना ते मोकळं होतं, आणि अति पिकल्यावर तुटून निकामी होतं. म्हणून दोन्ही हवेत: साधारण पाऊण वाटा नुकते पिकलेले, अजून कडक असलेले, हिरव्यावरून पिवळे होत आलेले पेरू आणि पाव वाटा गद्दर, म्हणजे जरा कच्चेच. मऊ पडलेले, बोट रुतणारे खाऊन टाका किंवा त्यांची भाजी करा. "खराब व्हायला लागलेत, जेली करून टाकू" हा विचार घरोघरी होतो आणि तिथेच जेली जाते.

जातीचा फरक पडतो, पण लोकांना वाटतो तितका नाही. महाराष्ट्रात परसात बहुधा सरदार असतो. तो लखनौ-४९ म्हणूनही ओळखला जातो, पण त्याची निवड झाली ती पुण्याच्या गणेशखिंडच्या फळबागेत. त्याची जेली चांगली होते, लिंबू मात्र सोडू नका. लाल गराच्या पेरूची जेली रंगाला फार सुरेख. हल्ली रोपवाटिकांतून येणारे पाऊण-एक किलोचे, कमी बियांचे, कुरकुरीत पेरू मात्र कापून तिखटमीठ लावून खायला ठीक. वासाला ते फिके, आणि जेलीत वासच नसेल तर उरते नुसती साखर.

फळ कमी पडत असेल तर महाशिवरात्रीच्या सुमाराची कवठं विसरू नका. कवठात पेक्टिन आणि आंबट दोन्ही सणसणीत. पेरूच्या पाण्यात चौथा हिस्सा कवठाचं पाणी मिसळलं की रुसलेली जेलीही जमते.

झाड

एवढं करूनही दरवर्षी फळ पाणचट येत असेल, किंवा तोडावं तो पेरू किडका निघत असेल, तर गॅस सोडून परसात या.

पहिला प्रश्न: तुम्ही कोणत्या बहाराचे पेरू वापरता? पेरू मोकळा सोडला तर वर्षभर थोडाथोडा लागतो. फेब्रुवारी-मार्चच्या फुलांचा आंबे बहार भर पावसाळ्यात तयार होतो. ही फळं पाणीदार, गोडीला कमी, आणि फळमाशी यांच्यावरच तुटून पडते. जून-जुलैच्या फुलांचा मृग बहार थंडीत येतो. जेली करायची ती यांची. पावसातल्या पेरूंची जेली करून दरवर्षी हळहळणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या हाताला दोष नाही, महिना चुकीचा आहे.

मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडाला ताण द्यायचा. एप्रिलपासून पाणी कमी करत बंद करा. पानं पिवळी पडतील, काही गळतील, घाबरू नका. मे महिन्यात फांद्यांचे शेंडे वीतभर छाटा, कारण पेरूला फूल नव्या फुटीवरच येतं. बुंध्यापासून हातभर लांब माती वरवर हलवून कुजलेलं शेणखत घाला, आणि जूनच्या पावसाबरोबर पाणी सुरू. वसंतात आलेली फुलं हाताने खुडली तर झाडाची ताकद थंडीच्या फळांना मिळते. तीन वर्षांच्या आतलं झाड, कुंडीतलं झाड, किंवा आधीच मलूल झालेलं झाड यांना ताण द्यायचा नाही.

दुसरा प्रश्न फळमाशीचा. सालीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका, भोवती मऊ तपकिरी डाग, आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या, आणि फळ अर्धवट पिकून खाली. अशी फळं "किडकं काढून" जेलीत घालू नका. ती आतून आंबलेली असतात. उपाय याच क्रमाने: खाली पडलेली फळं रोज उचला. अळ्या त्यांच्यातून मातीत उतरून कोषात जातात आणि पुढची पिढी तयार होते. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकणं म्हणजे त्यांना पाळणंच. दोन फूट खोल पुरा, किंवा काळ्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस उन्हात ठेवा. मग फळं लिंबाएवढी झाली की कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. किचकट काम आहे, पण परसातल्या एका झाडाला याच्याइतका खात्रीचा उपाय नाही. सापळा त्यानंतर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माशा ओढतो. अंडी घालणाऱ्या माद्या त्यात येत नाहीत. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून लावला तर उपयोग, एकट्याने लावून पिशव्यांची मेहनत टाळता येणार नाही.

पातळ बरण्यांचं काय

दोन दिवसांत वास बदललेला नसेल तर वाचवता येते. एका वेळी दोन-तीन वाट्याच घ्या, लिंबाचा थोडा रस घाला, मोठ्या आचेवर उकळी आणा, आणि बशीची सुरकुती बघून उतरवा. पुन्हा फसली तर ताज्या गद्दर पेरूंचं घट्ट पाणी, किंवा कवठाचं, मिसळून करा. बाजारचं पेक्टिन ही शेवटची पायरी. ते साखरेत कोरडं मिसळूनच घालायचं, नाहीतर गुठळ्या होतात. चायना ग्रास घालून जमवलेली ती जेली नव्हे, पण खायला कोण अडवतंय. तिसऱ्यांदा मात्र उकळू नका. ती सरबतासाठी ठेवा, उन्हाळ्यात कामी येते.

इथे थांबा

बुरशी दिसली की वरचा थर काढून खालचं खायचं, हा जुना हिशेब सोडा. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. फसफसलेली किंवा झाकण फुगलेली बरणी चाखून न बघता टाका. पुढच्या वेळी बरण्या उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरड्या करा आणि जेली गरम असतानाच भरा.

उकळती जेली अंगावर उडाली तर ती चिकटून राहते आणि पाण्यापेक्षा खोल भाजते. लगेच नळाखाली २० मिनिटं, वर हळद-टूथपेस्ट काही नाही. मोठे फोड आले, चेहऱ्यावर उडाली किंवा मूल असेल तर थेट डॉक्टर.

जेली विकायचा विचार असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि प्रयोगशाळेची तपासणी आधी, ओळखीच्यांकडे बरण्या पोहोचवणं नंतर.

झाडाच्या फांद्या विजेच्या तारांपर्यंत गेल्या असतील तर कोयता घेऊन चढू नका. महावितरणला कळवा, पुरवठा बंद झाल्यावरच छाटणी.

आणि शेंड्याकडची पानं पिवळी पडून एकेक फांदी, मग एक बाजू, मग सगळं झाड वाळायला लागलं, तर तो बहुधा मर रोग. वर पाणी वाढवून, खत टाकून किंवा दुकानदार देईल ते बुरशीनाशक ओतून तो आटोक्यात येत नाही. पाणी साचत असेल तर तेवढं काढून द्या, वाळत्या फांद्यांचे फोटो आणि मुळाजवळची थोडी माती घेऊन जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालय गाठा. झाड काढायला सांगितलं तर मुळासकट काढा, आणि त्याच खड्ड्यात पुन्हा पेरू लावू नका.